निफाडहून राहुरीच्या कीर्तनाला

निफाड स्टेशनच्या फलाटावर पहाटे येऊन उभे राहा. महिना डिसेंबरचा धरू, म्हणजे थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की तीत निफाडचं नाव बहुधा असतंच. कानटोपी भुवयांपर्यंत ओढून घ्या आणि समोर दिसतंय त्यातलं एकेक पुसत चला. आधी मोबाइलचा मनोरा. मग रुळांवरच्या विजेच्या तारा. मग लांबवर पसरलेले द्राक्षबागांचे मांडव. ते गेले की रान एकदम मोकळं होतं आणि ज्वारी-बाजरीचा काळा पट्टा थेट कादवेच्या काठापर्यंत दिसू लागतो. रूळ तेवढे राहू द्या. ते आपल्याला लागणार आहेत.

पण गाडीला अवकाश आहे, तोवर आणखी थोडं मागे जाऊन येऊ. १८४२ चा जानेवारी. आता रूळही नाहीत. १८ तारखेला याच गावात गोविंदराव रानडे नावाच्या कारकुनाच्या घरी मुलगा झालाय, त्याचं नाव महादेव. तुम्ही घर शोधायला निघू नका. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहून इतिहासाला काही विचारता येत नाही, आणि हे कुटुंबही लवकरच इथून कोल्हापुराकडे जाणार आहे. एवढंच लक्षात ठेवा, की त्याच वर्षी जूनमध्ये इथून दक्षिणेला अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ नावाचं नियतकालिक काढलं. निफाडचं बाळ आणि नगरचं नियतकालिक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्या प्रवासाला मात्र दोन्ही लागतील.

हे बाळ मोठं होऊन न्यायमूर्ती होणार आणि मुंबईत १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजाचा आधारस्तंभ होणार. मूर्ती दूर ठेवलेल्या त्या समाजापुढे एक अगदी साधी अडचण होती. देवापुढे बसून गायचं काय? आरती मूर्तीची असते आणि स्तोत्रं संस्कृतात असतात. समाजाने तुकोबांचे अभंग घेतले. १८६९ साली सरकारी मदतीने तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड छापून निघाला होता, तो अशा घरांतून वाचला जाऊ लागला. रानडे पहाटे उठून अभंग म्हणत बसायचे, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. उत्तम गळा नव्हता, पण म्हणायचे.

याच रानड्यांनी १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांबरोबर चहा घेतला आणि त्या एका कपापायी पुढे त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. नंतर हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालेल्या माणसाची ही गत! तो चहा मुद्दाम ध्यानात ठेवा. कारण पाचच वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत एका चित्पावन ब्राह्मण कवीने नुसता चहा नाही, तर बाप्तिस्मा घेतला. त्याच्या कीर्तनाला आपण निघालो आहोत. नारायण वामन टिळक.

गाडी आली. शतक नुकतंच उलटलंय, विसाव्याची पहिली काही वर्षं चालू आहेत, आणि ही जी. आय. पी. रेल्वे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरा. लाकडी बाकं, पायाशी गाठोडी, कुठेतरी कोंबडीही आहे. नाशिकहून नगरकडे जायचं तर रेल्वेचा रस्ता हाच. निफाड, उगाव, लासलगाव, मग मनमाड, आणि तिथे गाडी बदलून १८७८ साली सुरू झालेल्या धोंड-मनमाड फाट्याने दक्षिणेला. टिळकांचं नाशिकशी नातं जुनं. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पण आई गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे शिकला. बायकोही इथलीच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. लग्नानंतरचं नाव लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई काही वर्षं त्याच्यापासून वेगळी राहिली आणि मग स्वतःच्या विचाराने परत त्याच्याकडे गेली. ते सगळं तिने ‘स्मृतिचित्रां’त सांगितलं आहे. मराठीत त्याच्या तोडीचं आत्मचरित्र मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

समोरच्या बाकावर घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला आहे. त्याच्या मांडीवर खंजिरी आहे, फडक्यात गुंडाळलेली. तो कुठल्याही दफ्तरात नोंदलेला नाही. मी त्याला तुमच्या सोबतीला बसवलं आहे.

“कुठवर, पाव्हणं?”

“राहुरी.”

“म्हंजी टिळकसायबांच्या कीर्तनाला. मीबी तिकडंच.” तो थोडा सरकून जागा करतो. “तुमी आपल्या मंडळीतले का?”

मंडळी म्हणजे चर्च. या बाजूच्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हाच शब्द असतो. तुम्ही नाही म्हणा. तो वाईट वाटून घेणार नाही.

“आधी काय म्हणायचात तुम्ही उपासनेत?” असं त्याला विचारा.

“गाणी व्हती की. पुस्तकातली. चाल सायबाची. अर्थ समदा कळायचा बघा, पन घरी आल्यावर कुनाच्या तोंडात यायचं न्हाई ते.”

यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं असतं असं मला वाटत नाही. तरी मनमाडला गाडी बदलेपर्यंत वेळ आहे, तेव्हा तुम्हाला नगरच्या एका चर्चमध्ये घेऊन जातो. साल आणखी मागचं आहे, टिळक अजून आलेले नाहीत. रविवारची सकाळ. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. ऑर्गनचा स्वर उठतो आणि सगळे उभे राहून गातात. शब्द मराठी आहेत, नेकीने केलेलं भाषांतर आहे, पण ओळ इंग्रजी चालीच्या मापाने कापलेली आहे. त्या चालीत ठोका जिथे पडतो तिथे अक्षर लांबवायचं, मग ते ऱ्हस्व असो की दीर्घ. मराठी कानाला ऱ्हस्व-दीर्घाची सवय वृत्तांतून, ओव्यांतून, जात्यावरून लागलेली. इथे ‘पिता’ म्हणताना पहिलं अक्षर इतकं ताणलं जातं, की देवाला हाक मारली की कुणी काही पीत बसलंय असा प्रश्न पडावा. मिशनऱ्यांची चेष्टा करायचा हेतू नाही. त्यांनी छापखाने घातले, शाळा काढल्या, मराठीची कष्टाने उस्तवार केली. पण दुसऱ्याच्या श्वासाच्या मापावर आपला गळा चालत नाही, हे त्यांच्यातल्याही जाणत्यांना कळत होतं.

आणि टिळकांच्या आधी कुणी काही केलंच नव्हतं, असंही समजू नका. तिकडे गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीच ओवीत लिहून छापलं गेलं होतं. नगरलाही कृष्णराव सांगळे यांच्यासारखे लोक ख्रिस्ती कीर्तन करत होते, देशी चालींवर पदं रचत होते. वाट मळलेली होती. टिळकांनी तिच्यावरून वारी नेली.

मनमाड. उतरा. अनकाईचा डोंगर अंधारातही ओळखू येतो. गाडीला वेळ आहे, चहाची फेरी होऊ द्या. म्हाताऱ्याने खंजिरी शेकायला विस्तवाजवळ धरली आहे, थंडीने कातडं सैल पडलंय म्हणून.

येवला, कोपरगाव. मग गोदावरी ओलांडायची. पुलावरून गाडी हळू जाते आणि म्हातारा सवयीने हात जोडतो. तुम्ही बघितलंत हे त्याच्या लक्षात येतं. “नदी हाय,” एवढंच तो म्हणतो. पुणतांबे. चांगदेवांची समाधी इथली. बेलापूर, पुढे ज्या गावाला श्रीरामपूर म्हणतील त्याचं स्टेशन, पण गाव अजून वसलेलं नाही. राहुरीला उतराल तेव्हा स्टेशनापासून गावापर्यंत अजून चालायचं आहे.

टिळकांचं बिऱ्हाड काही वर्षं या राहुरीत होतं. १८९९-१९०० चा दुष्काळ या भागाने भोगला होता, आणि मिशनच्या आवारातली कितीतरी पोरं त्या दुष्काळातून आलेली होती. अंगणात सतरंज्या टाकल्या आहेत. दोन कंदील टांगलेले, एक पेटीजवळ ठेवलेला. तबल्यावर कुणीतरी हातोडी चालवतोय. पहिल्या रांगेत मुलं आहेत, सगळ्या मापांची, आणि त्यातली अर्धी जागी राहणार नाहीत हे आत्ताच दिसतंय.

सतरंजीवर बसण्याआधी आजूबाजूला कोण बसलंय ते नीट बघून घ्या, कारण या रात्रीचं मर्म माझ्या मते तिथेच आहे. नगर जिल्ह्यातली मिशनची मंडळी बहुतांशी महार-मांगांची. कीर्तन त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्यांनी ऐकलेलं होतं, पण देवळाच्या पायरीखालून, भिंतीपलीकडून. वाद्यं त्यांच्या घरात पिढीजात होती. गावातल्या लग्नात आणि उत्सवात सनई-डफ कुणाच्या हातचा असायचा ते सगळ्यांना माहीत आहे. एकतारीवरची भजनं होती. म्हणजे हात त्यांचा, गळा त्यांचा, फक्त आत बसायची मुभा नाही. आज ते मध्यावर बसले आहेत आणि जन्माने ब्राह्मण असलेला माणूस त्यांच्यापुढे उभा राहून त्यांच्यासाठी कीर्तन करणार आहे. निरूपण जे व्हायचं ते होईल. बसण्याच्या जागेतच अर्धं निरूपण झालेलं आहे.

टिळक आले. धोतर, अंगरखा, डोक्याला पागोटं. साहेबी पोशाखाचं त्यांना वावडं होतं. ख्रिस्ती होणं म्हणजे पाटलोण घालणं नव्हे, हे ते हयातभर सांगत राहिले. चेहरा कवीचा म्हणावा तसा काही नाही. कुठेतरी हरवलेली नजर आहे खरी. लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचलेलं असेल तर तुम्हाला त्या नजरेचा इतिहास ठाऊक आहे. संसारातली कुठलीही वस्तू आणि कुठलाही पैसा या माणसाच्या हातात सुरक्षित नसे, पुढ्यात गरजवंत आला की गेलाच.

पूर्वरंग सुरू होतो. नमन, आणि मग मूळ अभंग. तो इथे उतरून देणार नाही. शब्दांकडे नंतर बघा, आधी चाल ऐका. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. सहा, सहा, सहा झालं की कान आणखी सहाची वाट बघतो आणि ओळ चारातच मिटते. ती जी दोन अक्षरांची जागा रिकामी राहते ना, तिथे टाळ पडतो. तिथेच शेजारच्याला श्वास घेता येतो आणि पुढची ओळ उचलता येते. पाठांतर नसलेला माणूससुद्धा तिसऱ्या कडव्यापासून बरोबर म्हणू लागतो. मघाच्या चर्चमध्ये तुम्ही पुस्तकात बोट ठेवून गात होतात. इथे कुणाच्याही हातात पुस्तक नाही. दुसऱ्या नि तिसऱ्या चरणाचं यमक कानात आधीच वाजून गेलेलं असतं. तुकोबांनी वहीतून आणि त्यांच्या आधी नामदेवांनी कीर्तनातून महाराष्ट्राच्या कानाला लावलेली ही सवय. टिळकांनी ती तशीच्या तशी वापरली.

म्हातारा खंजिरीवर बोटं ठेवून आहे, अजून वाजवत नाही. वेळेची वाट बघतोय.

निरूपण करता करता टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात. गुरू म्हणतात. तुम्हाला त्यात विशेष काही वाटणार नाही, विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यांच्या मुलखातून तुम्ही आला आहात. पण मिशनच्या चौकटीत वाढलेल्या एखाद्या पाळकाच्या कपाळाला आठी पडू शकते. प्रभूला आई म्हणायचं? हे जरा जास्तच देशी होतंय. दुसरीकडे नाशिक-पुण्याच्या आळीत टिळकांवर नेमका उलटा आरोप होता: आमचंच कीर्तन, आमचाच अभंग उचलला आणि आमच्याच माणसांना बाटवायला वापरला. या आक्षेपाला उडवून लावू नये. कीर्तन हे मिशनने प्रचारासाठी वापरलं, हे खरंच आहे. मात्र टिळकांची भजनं एका बसणीत वाचून बघा. त्यांतल्या बहुतेकांत समोर श्रोता म्हणून परधर्मी कुणी नाहीच. एक माणूस ख्रिस्ताशी बोलतोय, रुसतोय, स्वतःची लाज सांगतोय, हट्ट धरतोय. प्रचार करणारा असा स्वतःला उघडा पाडत नसतो. आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशा अर्थाचं ते स्वतः सांगत. पुलावरून गेल्यावर पूल पाडून टाकायचा असतो, असं त्यांना कधी वाटलं नाही.

आणि इथे तुम्हाला निफाडचा तो कारकुनाचा मुलगा पुन्हा आठवायला हरकत नाही. मूर्ती सोडलेल्या रानड्यांनी गाण्यासाठी तुकोबांकडे हात पसरला, आणि धर्म सोडलेल्या टिळकांनीही. एकाने प्रार्थना समाजात, दुसऱ्याने मंडळीत. रानडे १९०१ साली गेले. आपल्या तुकोबांचा हा दुसरा मुक्काम त्यांनी कितपत पाहिला, कुणास ठाऊक. पण त्यांना तो परका वाटला नसता.

मध्यंतर झालं. पेटीवाल्याने स्वर धरून ठेवलाय. झोपलेली मुलं बाजूला निजवली गेली. आता उत्तररंग, म्हणजे आख्यान. आज उधळ्या पुत्राचं आहे, असं धरू. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली, पण बाप इथे मळ्याच्या बांधावर उभा आहे. धाकट्याने वाटणी मागितली तेव्हा बायका एकमेकींकडे बघतात. वाटणीचं भांडण त्यांना नवीन नाही. धाकटा परमुलखात पैसा उधळतो तिथे टिळक एक चटकदार साकी टाकतात आणि अंगण हसतं. मग दुष्काळ पडतो.

या शब्दावर अंगण गप्प होतं. पुढच्या रांगेतल्या, अजून जाग्या असलेल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने मान खाली घातली आहे. डुकरांच्या पुढ्यातली टरफलं खाऊन पोट भरावं असं त्या उधळ्याला वाटलं, हे टिळक साध्या गद्यात सांगतात. पेटीही थांबलेली. दोन-तीन वर्षांपूर्वी याच माणसांनी काय काय उकडून खाल्लंय ते कुणी बोलत नाही. मग दिंडीच्या चालीत मुलगा परत निघतो. आणि बाप त्याला दुरून बघून धावत सुटतो, तेव्हा तुमच्या शेजारी खंजिरी कडाडते. म्हाताऱ्याची वेळ हीच होती. त्याच्या मागून टाळ, त्यामागून टाळ्या, आणि पद कोण सांगतंय आणि कोण उचलतंय हे कळेनासं होतं. हरदासाचा आवाज बुडाला आहे. टिळकांना त्याची फिकीर नाही, तेही आता त्या गाणाऱ्यांपैकीच एक झालेत.

ही रात्र मी जुळवून उभी केली आहे, हे सांगितलेलं बरं. पण वाद्यं, वृत्तं, दुष्काळ आणि कीर्तनाचा क्रम यांतलं काही मला जुळवावं लागलेलं नाही.

आता जरा भरभर चला. १९०७, जळगाव. पहिलं कविसंमेलन भरलंय, अध्यक्षस्थानी डॉ. कीर्तिकर, टिळकही आहेत, आणि ठोंबरे आडनावाचा एक पोरगेला मुलगा उभा राहून कविता म्हणतो. त्याला ‘बालकवी’ ही पदवी इथे मिळाली. पुढे टिळकांनी त्याला आपल्या घरी आणलं आणि तो त्या घरात मुलासारखा राहिला. १९१२ मध्ये टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले, तुम्ही ज्याचा जन्म १८४२ मध्ये पाहिलात तेच हे पत्र. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलेलं होतं आणि ते पुरं होण्याची चिन्हं नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. हे स्वप्न फार काळ चाललं नाही. १९१८ च्या मेमध्ये बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, आणि वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. वय सत्तावन्न.

लक्ष्मीबाई मागे राहिल्या. त्यांनी स्वतः कीर्तनं केली. जलालपूरच्या सोवळ्याने पछाडलेल्या घरात वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने नवऱ्याचं अर्धवट ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. टिळकांनी लिहिलेला भाग थोडा, पुढचा बराच मोठा भाग त्यांचा. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकला गेल्या आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून आलं. ते पाहायला दोघांपैकी कुणीच नव्हतं.

आता तुमच्या काळात परत या. शाळेत तुम्हाला टिळक भेटले होते ते ‘केवढे हे क्रौर्य’मधले, नाहीतर ‘वनवासी फूल’मधले. फुलांमुलांचे कवी, असा शिक्का मारून मराठी वाङ्मयाने त्यांना कपाटात ठेवून दिलं. शिक्का खोटा नाही. पण टिळकांची जी रचना आजही दर रविवारी शेकडो गळ्यांतून निघते ती त्या कपाटात नाही. ती मराठी मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहे. अडीचशेच्या आसपास गाणी त्यात एकट्या टिळकांची. काहींची भाषांतरं निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत केली आणि ती पश्चिमेकडच्या गीतपुस्तकांत गेली. म्हणजे स्कॉटलंडातल्या एखाद्या चर्चमध्ये टिळक गायले गेले आहेत, आणि मराठी काव्याच्या अभ्यासकाला त्यांची ही बाजू नावानेच ठाऊक असते. समीक्षकांनी ही भजनं धर्माची म्हणून सोडली असतील, तर मग त्याच न्यायाने तुकोबाही सोडायला हवे होते.

चालींची गोष्ट त्याहून अवघड आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या पदाचा निर्देश करायचा आणि पुढे जायचं, अशी पद्धत होती. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या नाटकांनंतरची ती पिढी. अमुक पदाची चाल म्हटलं की गावभर कळायचं. आज ते मूळ पद कुणाला ठाऊक नाही. चाल टिकली आहे ती गाणाऱ्यांच्या गळ्यात, एका मंडळीतून दुसरीत थोडी बदलत, आजीकडून नातीकडे. अलीकडे उपासनेत कीबोर्ड आणि ड्रम आले, हिंदी-इंग्रजी धाटणीची नवी गाणी आली. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, तरुणांना ती आवडतात. पण अभंगाच्या चौथ्या चरणानंतरची ती टाळाची जागा कीबोर्ड भरून टाकतो, आणि मग नव्या मुलांना तिथे काही होतं हेच कळत नाही.

म्हणून एक विनंती. नाशिक, नगर, सोलापूर, पुणे, जिथे तुमच्या जवळ मराठी उपासना चालते तिथे एखाद्या रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसा. कुणी हरकत घेत नाही. संपल्यावर तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंना टिळकांचं एखादं भजन जुन्या चालीत म्हणायला सांगा. खिशातल्या फोनवर ते रेकॉर्ड करा, वर त्यांचं नाव, गाव आणि तारीख सांगून ठेवा, आणि त्याची एक प्रत त्या मंडळीलाच द्या.